तणनाशकाच्या फवारणीनंतर तळ्यातले मासे दरवर्षी मरतात: कारण कसं ओळखायचं, काय करायचं

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. तळ्याशेजारच्या रानात तणनाशक मारलं, दोन-चार दिवसांनी जोराचा पाऊस झाला, आणि मासे उलटे तरंगायला लागले. मग कुणी चुना टाकतं, कुणी पोटॅशियम परमँगनेट, कुणी बुरशीवरचं औषध. आठवड्याभरात मर थांबते, नवं मत्स्यबीज सोडलं जातं आणि पुढच्या फवारणीच्या हंगामात पुन्हा तेच. मर थांबते ती पाण्यातलं विष विरळ झाल्यामुळे किंवा प्राणवायू परत आल्यामुळे, पण श्रेय औषधाला जातं. दरवर्षी ही मर का होते याचा शोध तिथेच थांबतो.

तणनाशकाने मासे मरतात ते तीन वाटांनी. एक, थेट विषबाधा. दोन, तण आणि शेवाळ मेल्यानंतर पाण्यातला प्राणवायू संपणं. तीन, मारण्याइतकी नसलेली मात्रा बराच काळ अंगावर येऊन मासा आतून खंगणं आणि मग साध्या रोगानेही जाणं. तिन्हींचा उपाय वेगळा आहे. त्यामुळे कोणती वाट आहे हे ठरवल्याशिवाय पाण्यात काहीही टाकू नका.

आधी वेळ बघा, मग मासे बघा

फवारणी कधी झाली, पाऊस कधी झाला आणि पहिला मासा कधी मेला, या तीन तारखा कागदावर लिहा. फवारणीनंतर किंवा पावसाचा लोंढा आत आल्यानंतर काही तासांत ते दोन दिवसांत मर सुरू झाली असेल तर विषबाधेचा संशय पक्का होतो. तळ्यातल्याच पाणवनस्पतींवर तणनाशक मारलं होतं आणि मर तिसऱ्या दिवसापासून पुढच्या दोन आठवड्यांत कधीतरी सुरू झाली असेल, तर आधी प्राणवायूकडे बघा.

मर दिवसाच्या कोणत्या वेळी होते, हेही बोलकं असतं. प्राणवायू संपल्याने मासे मरतात ते मुख्यतः पहाटे, सूर्योदयाच्या आसपास. रात्रभर शेवाळ, मासे, जिवाणू सगळेच प्राणवायू वापरतात आणि प्रकाशसंश्लेषण बंद असतं, म्हणून पातळी सर्वात खाली जाते ती पहाटे. विषबाधेला वेळ-काळ नसतो, भर दुपारीही मासे गोल-गोल फिरत, तिरके होत, उड्या मारत मरतात.

आता कोणते मासे गेले ते बघा. प्राणवायू कमी पडला तर सहसा मोठे मासे आधी जातात, बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) बऱ्याचदा वाचते. विष असेल तर छोटे मासे आधी, किंवा लहान-मोठे एकदमच. तळ्यात मांगूर किंवा मरळ असतील तर फारच चांगली खूण हाताशी आहे. हे मासे वर येऊन हवेतला प्राणवायूही घेऊ शकतात. कार्प मेले आणि मांगूर ठणठणीत, तर बहुधा प्राणवायूचं प्रकरण. मांगूरही मेले तर पाण्यात काहीतरी विषारी आहे असं धरून चला.

एक तपासणी अगदी साधी आहे आणि तरी क्वचितच कुणी करतं. पारदर्शक काचेच्या ग्लासात तळ्याचं पाणी घ्या आणि उजेडासमोर धरा. निरोगी तळ्यात टाचणीच्या टोकाएवढे ठिपके झटके देत हलताना दिसतात, ते डॅफ्निया आणि सायक्लॉप्ससारखे प्राणीप्लवंग. ते जिवंत आहेत, पण पाण्याचा हिरवा रंग गेलाय, पाणी दोन-तीन दिवसांत चहासारखं किंवा विचित्र स्वच्छ झालंय, तर शेवाळावर घाला घालणारं तणनाशक आत आलेलं असण्याची शक्यता मोठी. उलट पाणी हिरवंच आहे पण प्राणीप्लवंग, पाणकिडे, कोळंबी सगळं मेलंय, तर तणनाशकापेक्षा कीटकनाशकाचा संशय घ्या. एकाच पंपातून दोन्ही मारली जातात, त्यामुळे शेजाऱ्याला "तणनाशक मारलं का?" एवढंच विचारून भागत नाही. त्या आठवड्यात पंपात काय काय भरलं होतं, ते सगळं विचारा.

प्राणवायूचं मीटर असेल तर पहाटे मोजा. लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या खाली बहुतेक मासे ताणात असतात, २ च्या खाली मर सुरू होऊ शकते. दुपारच्या आकड्यावर विसंबू नका. ३० अंश तापमानाच्या पाण्यात पूर्ण भरला तरी प्राणवायू साडेसात मिलिग्रॅमच्या आसपासच मावतो, २० अंशांना तो ९ च्या वर असतो. म्हणून हीच चूक उन्हाळ्यात जास्त महागात पडते.

आणि मीटर ५-६ दाखवतंय तरी मासे वर येऊन तोंड मारतायत, असं दिसलं तर ते विसरू नका. पाण्यात प्राणवायू आहे, पण माशाला तो घेता येत नाही. म्हणजे बहुधा कल्ले बिघडलेत.

एक लिटर पडलं म्हणजे किती पडलं?

"एक बाटली सांडली तर एवढ्या मोठ्या तळ्याला काय होणार?" हा प्रश्न गणिताने सोडवा. १००० चौरस मीटर, सरासरी दीड मीटर खोल तळं धरा. पाणी झालं १५०० घनमीटर, म्हणजे १५ लाख लिटर.

ग्लायफोसेट या तणनाशकाच्या नेहमीच्या द्रावणात लिटरमागे साधारण ३६० ग्रॅम मूळ आम्ल असतं. एक लिटर पूर्ण तळ्यात मिसळलं तर पाण्यात दर लिटरला ०.२४ मिलिग्रॅम येतं. एवढ्याने मोठे मासे लगेच मरणं अवघड आहे. पण ते लगेच पूर्ण तळ्यात मिसळतच नाही. पाणी आत येतं त्या उथळ कोपऱ्यात, १० मीटर लांब, ५ मीटर रुंद, फुटभर खोल अशा जागेत तेवढंच द्रावण दर लिटरला २४ मिलिग्रॅमपर्यंत जातं. बोटुकली नेमकी अशाच उथळ काठाला असते.

आता तोच एक लिटर पेंडिमेथॅलिन या दुसऱ्या तणनाशकाचा, ३० टक्के ईसीचा (पाण्यात मिसळणाऱ्या तेलकट द्रावणाचा), धरा. पूर्ण तळ्यात मिसळूनही लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम होतं. पेंडिमेथॅलिनची, ९६ तासांत निम्मे मासे मारणारी मात्रा रेनबो ट्राउटसाठी ०.१४ आणि ब्लूगिल माशासाठी ०.२ मिलिग्रॅमच्या आसपास मोजलेली आहे. हे आकडे प्रयोगशाळेतल्या स्वच्छ पाण्याचे आहेत. तळ्यात बरंचसं औषध गाळाला चिकटतं, म्हणून प्रत्यक्षात परिणाम कमी होऊ शकतो. पण दोन बाटल्यांमधला फरक यातून पुरेसा कळावा. ब्युटाक्लोर आणि ऑक्सिफ्लुओर्फेन हीदेखील माशांना कमी मात्रेत घातक ठरणाऱ्यांपैकीच.

२,४-डीच्या बाबतीत तर नाव एकच आणि स्वभाव दोन. अमाईन सॉल्ट प्रकार माशांना तुलनेने सौम्य आहे, एस्टर प्रकार कितीतरी पटींनी घातक. एस्टर तेलात विरघळणारं असल्याने कल्ल्यांतून भराभर आत शिरतं. लेबलवर "इथाइल एस्टर" आहे की "डायमिथाइल अमाईन सॉल्ट", हे वाचल्याशिवाय तळ्याशेजारी ते वापरू देऊ नका.

ग्लायफोसेटची गोष्ट वेगळ्या कारणासाठी समजून घ्यायला हवी. शुद्ध ग्लायफोसेट माशांना फारसं विषारी नाही. पण ते पानावर पसरून आत शिरावं म्हणून द्रावणात साबणासारखे पदार्थ घालतात. त्यातला पीओईए हा पदार्थ माशांसाठी मूळ औषधापेक्षा कितीतरी जास्त विषारी आहे. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या फोल्मार आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगांत ट्राउटला शुद्ध ग्लायफोसेटची घातक मात्रा शंभर मिलिग्रॅमच्या वर होती, तर नुसत्या त्या पदार्थाची सुमारे २ मिलिग्रॅम. तयार द्रावण पाण्याचा सामू (पीएच) ६.५ पेक्षा ७.५ असताना आणि पाणी गरम असताना जास्त मारक ठरतं, हेही त्यातच दिसलं. म्हणून "ग्लायफोसेट सुरक्षित आहे" हे वाक्य ऐकलं की बाटलीत आणखी काय आहे, ते विचारा. पाण्याजवळ वापरायची म्हणून वेगळी नोंदवलेली द्रावणं असतात. तीही लेबलवर तसं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच घ्यावीत.

माशाच्या अंगात काय बिघडतं

कल्ल्यांवरची त्वचा अतिशय पातळ असते, कारण तिच्यातूनच प्राणवायू रक्तात आणि अमोनिया बाहेर जायचा असतो. त्रासदायक रसायन लागलं की ती सुजते आणि खालच्या थरापासून सुटून वर येते. शेजारच्या पाकळ्या एकमेकींना चिकटतात, वर चिकट स्राव साचतो. पाणी आणि रक्त यांच्यातलं अंतर वाढतं. मासा प्राणवायू असलेल्या पाण्यात गुदमरतो तो याच कारणाने. ताज्या मेलेल्या माशाचं कल्ल्यावरचं झाकण उचलून बघा. निरोगी कल्ले लालभडक आणि पाकळ्या सुट्या असतात. फिकट, चिकट आणि पाकळ्यांची टोकं जाड दिसली तर नोंद करा. तपकिरी, चॉकलेटी कल्ले दिसले तर नायट्राइट तपासा, तो वेगळा विषय आहे.

कल्ल्यांनंतर यकृत. विष मोडण्याचं काम त्याचं. पॅराक्वाटसारखं रसायन पेशीत शिरून पुन्हा पुन्हा इलेक्ट्रॉन घेतं आणि प्राणवायूला देतं, त्यातून सुपरऑक्साइड तयार होत राहतो. हा ताण विझवायला पेशीत एन्झाइमं असतात, पण ती पुरी पडेनाशी झाली की पेशींची पटलंच खराब होतात. इतर अनेक तणनाशकांच्या संपर्कानंतरही माशांत असाच ऑक्सिडेटिव्ह ताण, यकृताच्या पेशींत पोकळ्या आणि रक्तात यकृताची एन्झाइमं वाढलेली आढळतात.

जे डोळ्यांना दिसत नाही, ते मला जास्त काळजीचं वाटतं. थोड्या मात्रेत राहिलेल्या माशाच्या रक्तात तांबड्या पेशी आणि हिमोग्लोबिन घटलेलं असू शकतं. ताणामुळे कॉर्टिसोल आणि साखर वाढते. भूक मंदावते, वाढ खुंटते, रोगप्रतिकारशक्ती उतरते. मग त्याला परजीवी लागतात, अंगावर लाल चट्टे येतात, कापसासारखी बुरशी दिसते. मालकाला दिसते फक्त बुरशी, म्हणून तो बुरशीवर इलाज करत राहतो. दरवर्षी ठरावीक महिन्यात चट्टे येत असतील तर आजाराच्या आधीच्या तीन-चार आठवड्यांत आसपासच्या रानात काय मारलं गेलं, ते एकदा नीट तपासा.

अंडी आणि नुकतं बाहेर आलेलं मत्स्यजिरं सर्वात नाजूक. ट्रायफ्लुरालिनच्या संपर्कात आलेल्या पिल्लांच्या मणक्यांत विकृती आल्याचं प्रयोगांत नोंदलेलं आहे. तुमच्याकडे बीजनिर्मिती होत असेल आणि वाकड्या पाठीची पिल्लं नेहमीपेक्षा जास्त निघत असतील, तर जीवनसत्त्वांच्या कमतरतेसोबत हेही कारण यादीत ठेवा.

प्रयोगशाळेचा "काही आढळलं नाही" हा अहवाल कसा वाचायचा

इथे बहुतेकांची फसगत होते. नमुना दिला, पैसे भरले, अहवाल आला "कीटकनाशकांचे अंश आढळले नाहीत", आणि विषय संपला. पण एकाच चाचणीत शेकडो औषधं शोधणाऱ्या नेहमीच्या पद्धतीत ग्लायफोसेट सहसा धरलेलं नसतं. ते पाण्यात फार विरघळणारं असल्याने त्याची चाचणी वेगळी करावी लागते. २,४-डीसारख्या आम्लधर्मी आणि पॅराक्वाट-डायक्वाटसारख्या तणनाशकांनाही बऱ्याच ठिकाणी स्वतंत्र पद्धत लागते. म्हणून नमुना देतानाच संशयित औषधाचं नाव लिहून द्या आणि "हे तुमच्या यादीत आहे का?" असं स्पष्ट विचारा. नाव माहीत नसेल तर रानातली रिकामी बाटली शोधा, तिच्या लेबलचा फोटो काढा.

नमुना मर सुरू झाल्या झाल्या घ्या. तळ्यात पाणी आत येतं तिथलं, मधलं आणि बाहेर जातं तिथलं, असं वेगवेगळं, प्रत्येकी किमान एक लिटर. तपकिरी काचेची स्वच्छ बाटली बहुतेक औषधांना चालते, मात्र पॅराक्वाट आणि डायक्वाट काचेला चिकटतात, त्यांना प्लास्टिकची बाटली लागते. संशय कशाचा आहे ते माहीत नसेल तर दोन्ही प्रकारच्या बाटल्या भरा. अंधारात, बर्फात, ४ अंशांच्या आसपास ठेवून लवकरात लवकर पोचवा. गाळाचाही एक नमुना घ्या, कारण पेंडिमेथॅलिनसारखं मातीला चिकटणारं औषध पाण्यात सापडलं नाही तरी गाळात सापडू शकतं.

मासा द्यायचा तर मरायला टेकलेला, अजून श्वास घेणारा द्या. अंश तपासायचे असतील तर ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळून गोठवा. कल्ले आणि यकृत सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे असतील तर गोठवू अजिबात नका, ताबडतोब काढून १० टक्के फॉर्मेलिनमध्ये टाका. कल्ले तासाभरातही कुजायला लागतात. फुगून वर आलेल्या माशाच्या कल्ल्यांवरून कुणीही काही सांगू शकत नाही.

मर चालू असताना

तणनाशकाच्या विषबाधेवर माशाला देण्याजोगा उतारा नाही. करायच्या गोष्टी थोड्या आहेत. आत येणारं पाणी बंद करा. खाद्य लगेच थांबवा, कारण पचनालाही प्राणवायू लागतो आणि उरलेलं खाद्य कुजतं. एरेटर रात्रभर चालू ठेवा. एरेटर नसेल तर पंपाने तळ्याचंच पाणी उंचावरून पसरून पाडा. खात्रीचं स्वच्छ पाणी मिळत असेल तर हळूहळू भरा आणि तळाचं पाणी काढा, पण ते काढलेलं पाणी ओढ्यात सोडू नका. तिथेही मासे आहेत आणि खालच्या अंगाला कुणाचं तरी तळं असू शकतं. मेलेले मासे काढून पुरा. कारण कळेपर्यंत ते खायला किंवा विकायला देऊ नका.

चुना टाकायची घाई मात्र खरोखर नडते. चुन्याने सामू चढतो. २५ अंशांना सामू ७ असताना एकूण अमोनियापैकी अर्धा टक्क्याच्या आसपासच विषारी रूपात असतो, सामू ९ ला गेला की तो एक तृतीयांशाच्या वर जातो. शेवाळ आणि मासे कुजत असताना अमोनिया आधीच वाढलेला असतो. त्यातच ग्लायफोसेटच्या द्रावणातला पीओईए चढत्या सामूला जास्त मारक होतो, हे वर आलंच आहे. आधी सामू मोजा. तो खरोखर खाली गेलेला असेल तरच चुन्याचा विचार करा.

छोट्या टाक्यांत किंवा हॅचरीत सक्रिय कोळसा उपयोगी पडतो, ॲट्रॅझिन आणि ब्युटाक्लोरसारखी औषधं तो चांगली धरून ठेवतो. मोठ्या तळ्यात तो परवडणारा किंवा पुरणारा उपाय नाही.

पुढच्या हंगामात हेच होऊ नये म्हणून

विष आत येण्याची वाट शोधणं हे खरं काम. पाऊस चालू असताना छत्री घेऊन तळ्याभोवती एक फेरी मारा आणि कोणत्या ओघळीतून गढूळ पाणी आत येतंय ते बघा. कोरड्या दिवशी ती ओघळ दिसतही नाही. त्या जागी छोटा बांध घालून पहिलं पाणी बाजूला वळवा. फवारणीनंतरच्या पहिल्या पावसाचं पाणी सर्वात जास्त औषध घेऊन येतं, त्यामुळे निदान तेवढं तरी तळ्यात येऊ देऊ नका. तळ्याच्या काठाला दाट गवताची रुंद पट्टी ठेवली तर मातीसोबत वाहणारं औषध बरंचसं तिथे अडतं. या पट्टीतलं गवत स्वच्छ दिसावं म्हणून कुणी तिच्यावरच तणनाशक मारू नये, हे घरच्या सगळ्यांना सांगून ठेवा.

फवारणीचा पंप तळ्यात किंवा ओढ्यात धुणं बंद करा. पंप भरताना पाइप थेट टाकीतल्या द्रावणात बुडलेला ठेवला तर मोटर बंद झाल्यावर उलट ओढीने द्रावण मागे येऊ शकतं, पाइपचं तोंड पाण्याच्या वर ठेवा. रिकामी बाटली तीनदा खळबळून ते पाणी पंपातच ओता. ही कामं कंटाळवाणी आहेत, पण वर केलेलं एक लिटरचं गणित आठवा. बाटलीच्या तळाशी राहिलेलं औषधही उथळ काठाला पुरेसं ठरू शकतं. शेजाऱ्याशी भांडून यातलं काही होत नाही. फवारणीच्या आधी दोन दिवस कळवायची विनंती करा, म्हणजे तुम्ही पाणी घेण्याचं तोंड बंद ठेवाल. पुढच्या दोन दिवसांत पाऊस असेल तर फवारणी पुढे ढकलणं त्याच्याही फायद्याचं आहे, औषध वाहून गेलं तर तण तसंच उभं राहतं.

पाणी कालव्यातून येत असेल तर कालव्यातलं तण कशाने मारतात, ते विचारा. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात टॅलेंट इथल्या सिंचन कालव्यात ॲक्रोलिन हे तणनाशक सोडलं होतं. गळक्या झडपेतून ते पाणी बेअर क्रीक या ओढ्यात गेलं आणि ९२ हजारांहून जास्त स्टीलहेड माशांची पिल्लं मेली. औषध कालव्यापुरतं होतं, पण झडप गळत होती.

तळ्यातल्याच वनस्पती काढायच्या असतील तर हाताने किंवा दाताळ्याने काढणं सर्वात बरं, कारण कुजणारा पाला बाहेर येतो. तणनाशकच वापरायचं असेल तर एका वेळी तळ्याचा एक तृतीयांशच भाग घ्या आणि पुढच्या भागाला हात लावण्याआधी १० ते १४ दिवस जाऊ द्या. लेबलवर वेगळं सांगितलं असेल तर लेबल पाळा. दाट माजलेल्या तणावर उन्हाळ्यात एकदम फवारणी करणं म्हणजे एका आठवड्यात सगळा प्राणवायू संपवण्याची तयारी करणं. तण कोवळं आणि पाणी थंड असताना काम उरका.

नवं बीज सोडण्याआधी तळ्यात, पाणी आत येतं त्या बाजूला, एक छोटा हापा (बारीक जाळीचा पिंजरा) बांधा आणि त्यात १५-२० बोटुकली ठेवा. चार दिवस रोज सकाळी बघा. शेजारी बादलीत दुसऱ्या, खात्रीच्या पाण्यात तेवढीच बोटुकली हवा देऊन ठेवा, म्हणजे वाहतुकीने मेली की पाण्याने, हे कळेल. हाप्यातली मेली आणि बादलीतली जगली तर बीज सोडू नका. आणखी दोन आठवडे थांबून हीच चाचणी पुन्हा लावा, आणि तोवर गाळाचा अहवाल मागवून घ्या.